बाटली कुणी भरली, ते समोर लिहा

मा. अध्यक्ष,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण,
नवी दिल्ली.

महोदय,



मी मनमाडची. आमच्या गावाजवळच्या डोंगरात एक सुळका आहे, मूठ आवळून अंगठा वर धरावा तसा. त्याचं जुनं नाव हडबीची शेंडी. पण गाडीच्या खिडकीतून तो दिसला की प्रवासी एकमेकांना बोटाने दाखवतात, ‘तो बघ, थम्स अपचा डोंगर.’ आता गावातली मुलंही तेच म्हणतात. सुळका लाव्हाच्या काळातला आणि थम्स अप १९७७ सालचं. पेयाचं नाव माणसांच्या मनात किती खोल रुतून बसतं, ते मी त्या सुळक्याकडे बघत मोठी होताना पाहिलं. आज त्या नावाबद्दलच आपल्याला लिहिते आहे. बाटलीवर ते मोठ्या अक्षरांत असतं. बाटली ज्याने भरली त्याचं नाव मात्र मला वाचता येत नाही. ते वाचता यावं, अशी व्यवस्था आपण करू शकता.

माझ्या वडिलांचं स्टेशनजवळ कोल्ड्रिंकचं दुकान होतं. पत्र्याची पेटी, त्यात बर्फाच्या लादीचे तुकडे आणि गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेल्या काचेच्या बाटल्या. एका क्रेटमध्ये चोवीस. भरलेला क्रेट उतरवून घ्यायचा तर रिकामा क्रेट परत द्यावा लागे. बाटली फुटली तर डिपॉझिटमधून पैसे जात. शाळेतून आल्यावर रिकाम्या बाटल्या मोजणं हे माझं काम. गोल्ड स्पॉटच्या बुचांच्या आत जंगल बुकमधली चित्रं यायची तेव्हा आमच्या दुकानापुढे मुलांची झुंबड असायची. बुचं वाटायचा मान माझ्याकडे होता. वडिलांना प्रत्येक गाडीचा ड्रायव्हर माहीत, माल कुठल्या कारखान्यातून निघाला तेही माहीत. बाटली त्यांच्या लेखी कुठल्या तरी गावाहून आलेली असे.

मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक दिवस एका गिऱ्हाइकाने बाटली उजेडात धरली आणि आत काहीतरी तरंगताना दिसलं. बूच अजून उघडलेलं नव्हतं. वडिलांनी पैसे परत केले, माफी मागितली आणि ती बाटली कागदात गुंडाळून ठेवली. तक्रार करायची ठरवली, तेव्हा ती कुणाकडे करायची हाच प्रश्न पडला. एजंट म्हणाला, माझं काम वाहतुकीचं. ज्या कारखान्याचा पत्ता वडिलांना पाठ होता तिथे पत्र धाडलं. ते ‘मालक बदलले’ असा शेरा घेऊन परत आलं. मुंबईच्या कचेरीने उत्तर दिलं की नाव आमचं आहे, पण भरणारे वेगळे आहेत, त्यांच्याशी संपर्क साधा. त्या भरणाऱ्यांचं नाव उत्तरात नव्हतं. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण एवढ्या वर्षांनी तिला दोष देऊन मला काही मिळवायचं नाही. ती बाटली आमच्या माळ्यावर बरीच वर्षं होती. आई ती फेकायला निघाली की वडील म्हणायचे, ‘राहू दे, कुणाची आहे ते कळलं की देऊ.’

हा धंदा कसा चालतो ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण हे खुलं पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडक्यात लिहिते. शीतपेयाच्या धंद्यात दोन घरं असतात. एकाकडे नाव, जाहिरात आणि अर्क. कोका-कोलाचा अर्क बनवणारा कारखाना आपल्या पुण्याजवळ, मुळशी तालुक्यातल्या पिरंगुटला आहे. दुसरं घर बॉटलरचं. अर्कात पाणी, साखर आणि वायू मिसळायचा, बाटली आणायची, भरायची, बूच लावायचं, ट्रकमध्ये चढवायची, दुकानात फ्रीज ठेवायचा, हे सगळं त्याच्याकडे. जमीन त्याची, यंत्रं त्याची, पाण्याचा परवाना त्याचा, उन्हाळ्यात तीन पाळ्यांत राबणारे कामगारही त्याचेच. गिऱ्हाइकाच्या पोटात जातं त्यातलं बहुतेक सगळं या दुसऱ्या घराचं असतं. लेबलवर तोंड मात्र पहिल्या घराचं.

ही दोन्ही घरं अशी काही विकली गेली आहेत की सामान्य माणसाला त्याचा माग लागत नाही. १९७७ मध्ये परकीय चलन नियमन कायद्याखाली भागभांडवल कमी करायला सांगितलं तेव्हा कोका-कोला देश सोडून गेली. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. सरकारी मॉडर्न बेकरीजने ‘७७’ नावाचा कोला काढला, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेच्या कृतीवर. तो चालला नाही. चालले ते दोन. एक पार्ल्याच्या चौहान कुटुंबाचा थम्स अप. दुसरा कॅम्पा कोला, आणि तो काढणारी प्युअर ड्रिंक्स ही आदल्या दिवसापर्यंत कोका-कोलाच भरणारी कंपनी. म्हणजे नाव गेलं, पण भरणारा जागेवर होता, त्याची यंत्रं आणि माणसं होती, आणि त्याच बळावर त्याने नवं नाव उभं केलं. मुंबईत वरळीला त्याचा कारखाना होता. पुढे त्या जागेवर इमारती झाल्या, त्यांतले वरचे मजले बेकायदा ठरले आणि २०१३ मध्ये लोकांनी ‘कॅम्पा कोला कंपाऊंड’ हे शब्द रोज वर्तमानपत्रात वाचले. पेय बाजारातून जवळपास नाहीसं झालं होतं. नाव घरांना चिकटून राहिलं.

१९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि पार्ल्याने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा आणि माझा ही नावं तिला विकली. रमेश चौहानांनी तेव्हा विकायला नको होतं, असं अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. समोर कोण उभं आहे ते पाहून त्यांनी व्यापाऱ्याचा निर्णय घेतला आणि तो त्यांचा अधिकार होता. माझं दुःख पुढे काय झालं त्याचं आहे. गोल्ड स्पॉटच्या जागी फॅन्टा आलं, सिट्राच्या जागी स्प्राइट. थम्स अपचीही जाहिरात आटली होती, पण लोक मागतच राहिले. आमच्या दुकानात वडील कोकाकोला पुढे करायचे आणि गिऱ्हाईक म्हणायचं, ‘काका, ते नको, थम्स अप आहे का?’ हे देशभर घडलं असलं पाहिजे, कारण कंपनीने ते नाव टिकवलं, वाढवलं, आणि २०२१ मध्ये भारतातल्या त्याच्या विक्रीने एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. ज्या नावाला पिणाऱ्यांनी जगवलं ते कुणाच्या मालकीचं आहे, हे त्याच पिणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत आहे? मी माझ्या कॉलनीत विचारून पाहिलं. बहुतेकांनी ‘पार्ले’ असं उत्तर दिलं.

पार्ले या नावाचा तर वेगळाच गुंता आहे. १९२९ मध्ये विलेपार्ल्यात गोळ्या-चॉकलेटचा कारखाना निघाला, गावाचं नाव कंपनीला मिळालं, पुढे कुटुंबाच्या वाटण्या झाल्या. बिस्किटं एका कंपनीची, फ्रुटी दुसरीची, बिसलेरी तिसरीची. आणि बिसलेरी हे नाव ऐकून लोकांना ती परदेशी वाटते. ती खरोखर इटलीहून आली होती, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये सुरू झाली होती. पण १९६९ मध्ये चौहानांनी ती चार लाखांत घेतली आणि आजही ती त्याच कुटुंबाची आहे. २०२२ मध्ये टाटांशी विक्रीची बोलणी सुरू झाली, २०२३ च्या मार्चमध्ये थांबली. आज आपल्या बाजारात इटालियन नावाची बाटली देशी मालकाची आहे आणि अंगठा वर केलेली, आपली वाटणारी बाटली अटलांटाच्या कोका-कोलाच्या मालकीची. कुठली घ्यावी, कुठली घेऊ नये, याबद्दल मला काही म्हणायचं नाही. ते ज्याचं त्याने ठरवावं. पण ठरवायला आधी कळायला तर हवं.

मुंबईच्या वाचकांना ड्यूक्स आठवत असेल. १८८९ मध्ये दिनशा पंडोल या पारशी क्रिकेटपटूने ती कंपनी काढली. ड्यूक चेंडूवरून नाव ठेवलं असं सांगतात. चेंबूरच्या कारखान्यातून मँगोला, रासबेरी, लेमोनेड निघायचं. १९९४ मध्ये ती पेप्सीकडे गेली. सुरतचं सोस्यो १९२० च्या दशकात हजूरी यांनी स्वदेशी पेय म्हणून काढलं. २०२३ मध्ये त्याचा अर्धा हिस्सा रिलायन्सने घेतला. त्याच्या काही महिने आधी, २०२२ मध्ये, रिलायन्सने कॅम्पा हे नाव सुमारे बावीस कोटींना घेतलं होतं आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा दुकानात आणलं. आज दहा रुपयांच्या कॅम्पाच्या बाटलीवर पन्नाशीतला माणूस खूष होतो, कारण त्याला शाळेची सहल आठवते. त्या आठवणीलाही आता मालक आहे. त्या माणसाला ते सांगितलं तर त्याचा आनंद कमी होईल असं मला वाटत नाही.

बॉटलरच्या घराचं काय झालं ते तर आणखी अंधारात आहे. पार्ल्याची नावं विकली गेली तेव्हा ती भरणारे गावोगावचे कारखानदार होते, बहुतेक स्थानिक कुटुंबं. त्यांच्यापैकी अनेकांचे कारखाने पुढच्या काही वर्षांत कोका-कोलाच्या उपकंपनीने घेतले. त्या खरेदीला सरकारने १९९७ मध्ये परवानगी दिली ती एका अटीवर, की पाच वर्षांत ४९ टक्के भाग भारतीय भागधारकांना द्यायचा. मुदत आली तेव्हा कंपनीने भाग देण्याची तयारी दाखवली, पण मताचा हक्क देणार नाही म्हणाली, आणि सरकारने ते मान्य केलं. हिस्सा भारतीयांचा आणि मत त्यांचं नाही, ही गोष्ट तेव्हा मला फार लागली होती. २०२४ च्या जानेवारीत राजस्थान, बिहार, ईशान्य भारत आणि बंगालचा काही भाग त्या उपकंपनीने दुसऱ्या बॉटलरांना देऊन टाकला. डिसेंबरात तिच्या मूळ कंपनीतला ४० टक्के हिस्सा जुबिलंट भरतिया समूहाला द्यायचं जाहीर झालं. तिकडे पेप्सीच्या भारतातल्या विक्रीतला नव्वद टक्क्यांहून जास्त माल वरुण बेव्हरेजेस भरते, शेअर बाजारात नोंदलेली वेगळी भारतीय कंपनी. पेप्सी पिणाऱ्या दहा माणसांना हे नाव विचारून बघा.

आता आपल्या नियमांकडे येते. २०२० च्या लेबलिंग नियमांनी नावाच्या मालकाचं नाव आणि पूर्ण पत्ता छापणं बंधनकारक केलं, परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही छापावा लागतो, हे मला माहीत आहे. आपल्या प्राधिकरणाने केलेल्या कामाबद्दल मला आदर आहे. पण कृपा करून एक छोटी बाटली हातात घेऊन ती वाचून पाहा. माझ्या टेबलावर आत्ता तीन आहेत. एकीवर चार-पाच कारखान्यांचे पत्ते एकाखाली एक आहेत, प्रत्येकापुढे एक अक्षर. आपली बाटली त्यातली कुठली ते कळायला बॅच क्रमांकाचं पहिलं अक्षर जुळवायचं. बॅच क्रमांक गळ्याशी, शाईच्या ठिपक्यांनी उमटवलेला. ही बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून विकायची वस्तू आहे. पाण्यातून काढून फडक्याने पुसली की ते ठिपके फडक्याला लागतात. मी भिंग घेऊनही एका बाटलीचं गाव शोधू शकले नाही. आणि ही सगळी अक्षरं इंग्रजीत, कारण नियमाला इंग्रजी किंवा हिंदी एवढंच पुरतं. मराठी, तामिळ, बंगाली ऐच्छिक. माझ्या वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी चाळीस वर्षं हा माल विकला.

यावर कुणी म्हणेल की बाटलीच्या तोंडावर सरकारने काय लिहायचं ते सांगू नये. पण आपल्या देशाने ते एकदा सांगितलं होतं. पेप्सी १९९० मध्ये आली तेव्हा निव्वळ परदेशी नावाने पेय विकायला परवानगी नव्हती, म्हणून तिला ‘लेहर पेप्सी’ व्हावं लागलं. त्या नियमाने काही साधलं असं मला वाटत नाही. लेहर हा शब्द लोकांना काहीच सांगत नव्हता, फक्त देशी वाटायचा. त्याच जागी भरणाऱ्याचं नाव आणि गाव छापायला लावलं असतं तर ती माहिती झाली असती. अमेरिकेत तर हे कुणी जबरदस्ती न करता झालं होतं. तिथल्या जुन्या काचेच्या कोकाकोलाच्या बाटल्यांच्या बुडाशी बॉटलरच्या गावाचं नाव उठावदार अक्षरांत असायचं. बाटली संपली की माणसं ती उलटी करून गाव वाचायची, आणि ज्याची बाटली सगळ्यात लांबून आलेली तो जिंकला, असा खेळ चालायचा. आपल्याकडे पुण्याच्या कॅम्पात अर्देशीरचा सोडा १८८४ पासून आहे. ती बाटली हातात घेतली की कुणी भरली आणि कुठे भरली, हे विचारावं लागत नाही.

गावाचं नाव मागण्यामागे माझं एक खास कारण आहे, आणि ते पाण्याचं आहे. मनमाडला आमच्या लहानपणी नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. हंडे, बादल्या, पिंप, सगळं भरून ठेवायचं आणि पुरवायचं. त्याच उन्हाळ्यात दुकानासमोर ट्रक उभा राहायचा आणि क्रेटमागून क्रेट उतरायचे. आई एकदा म्हणाली, ‘एवढं पाणी आणतात कुठून?’ वडिलांना कारखान्याचं गाव माहीत होतं, म्हणून ते उत्तर देऊ शकले. आज मला कुणी विचारलं तर मी देऊ शकणार नाही. शीतपेयाचा हंगाम आणि टंचाईचा हंगाम आपल्या राज्यात एकच असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं, तेव्हाही फ्रीज भरलेले होते. केरळात प्लाचीमाडाला २००० मध्ये सुरू झालेल्या कोका-कोलाच्या कारखान्याविरुद्ध गावकऱ्यांनी विहिरी आटल्याची आणि पाणी नासल्याची तक्रार केली. पेरुमट्टी पंचायतीने परवाना पुढे चालू ठेवायला नकार दिला आणि २००४ पासून तो कारखाना बंद आहे. त्या काळात एर्नाकुलमच्या किंवा कोइंबतूरच्या गिऱ्हाइकाला आपल्या हातातली बाटली प्लाचीमाडाची आहे की नाही, हे सहज कळायला हवं होतं. आपल्याकडे वाड्याजवळ कुडूसला कारखाना आहे, पैठणला पेप्सीचा आहे, खेड तालुक्यात लोट्याला १,३८७ कोटींच्या नव्या कारखान्याचं भूमिपूजन २०२३ मध्ये झालं. यातल्या कुठल्याही गावाचं पाणी बाटलीत भरलं जात असेल तर त्या गावाला निदान बाटलीवर जागा मिळावी.

साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचं प्रमाण ठळक, मोठ्या अक्षरांत छापायचा प्रस्ताव आपण जुलै २०२४ मध्ये मान्य केलात, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. माझ्या घरात मधुमेह आहे. लेबल गिऱ्हाइकाचंही आहे, हे त्या निर्णयाने मान्य केलं. आता त्याच्या दर्शनी भागात दोन ओळी द्याव्यात, अशी माझी विनंती आहे. पेयाच्या नावाखाली, त्याच्या अक्षरांच्या निदान एक चतुर्थांश उंचीत, ‘भरणारे’ म्हणून कंपनीचं नाव आणि तिचं गाव. त्याखाली ‘नावाचे मालक’ म्हणून मूळ कंपनीचं नाव, आणि ती दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असेल तर तेही. ज्या राज्यात बाटली विकायची त्या राज्याच्या भाषेत. मालकी बदलली तर वर्षभरात लेबल बदलायचं. काचेच्या परतीच्या बाटलीवर नाव कायमचं छापलेलं असतं, तिथे गाव बुचावर येऊ शकतं. एका लेबलवर पाच कारखाने मावतात तिथे एक गाव मावणार नाही, असं म्हणायला जागा नाही. ज्या कंपन्या बाटलीवर मुलामुलींची नावं छापून विकू शकल्या, त्यांना कारखान्याच्या गावाचं नाव छापणं जड जायला नको.

वडील जाऊन सहा वर्षं झाली. दुकान आता भाच्याकडे आहे. पत्र्याच्या पेटीच्या जागी कंपनीने दिलेला काचेचा फ्रीज आहे आणि त्यात कंपनीने सांगितलेल्या क्रमानेच बाटल्या लावाव्या लागतात. माल ॲपवर मागवतो. ड्रायव्हर रोज वेगळा असतो. मी त्याला विचारलं, ‘हे कुठून येतं रे?’ तो म्हणाला, ‘गोडाऊनमधून, मावशी.’

या पत्रासोबत माझ्या टेबलावरच्या तीन बाटल्यांची लेबलं आणि त्यांच्या गळ्याशी असलेल्या बॅच क्रमांकांचे फोटो जोडले आहेत. दोन क्रमांक अर्धे पुसले गेले आहेत. या तीन बाटल्या कोणत्या गावात भरल्या, भरणाऱ्या कंपनीचं नाव काय आणि ती आज कुणाच्या मालकीची आहे, एवढं आपण मला लेखी कळवावं. मराठीत कळवलंत तर भाच्याच्या दुकानात, फ्रीजशेजारी लावता येईल.

कळावे,

आपली विश्वासू,
मनमाडच्या एका कोल्ड्रिंकवाल्याची मुलगी